घोट्यापासून वर

पॅरिस. पाचव्या मजल्यावरची शिवणखोली.
सोलांज जाळीचे बारा थर
एकाखाली एक टाचते, सैल हातानं.
वरचा ताठ, खालचे आखूड होत गेलेले.

पणजी तिची घोट्यापर्यंतचे घेर शिवायची,
गॅसच्या दिव्यांच्या काळात.
तुरटीच्या पाण्यात बुडवलं
तर कापड पेटत नसे लवकर,
पण पिवळं पडे, जड होई.
मुली म्हणायच्या, नको.
एकीचा परकर परत आला शिवणखोलीत,
मूठभर, काळा.

मग घेर चढत गेला गुडघ्यावर, मांडीवर,
कमरेशी आडवा झाला थाळीसारखा.
पाय दिसावेत म्हणून, म्हणतात.

सोलांज दोरा दातानं तोडते.
जाळी झुकू नये म्हणून
तुतू उलटा टांगते खुंटीला,
आणि खोलीतला दिवा,
विजेचाच आहे तरी,
जरा लांब सरकवते.