सोळा खांब

पहिला स्वेटर मी स्वतःसाठी विणला, थेट.
पुस्तकात लिहिलं होतं,
आधी छोटा चौकोन विणा, मोजा, मग सुरू करा.
एकोणतीस वर्षं हिंगोलीच्या भूमी अभिलेखात
दुनियेच्या मोजणीच्या नकला काढल्या,
मला कोण शिकवणार माप?

अडतीस छातीचा स्वेटर तीस भरला.
शिपाई गोदाजीच्या आठवीतल्या पोरीला नेमका बसला.
थंडी सरली तरी अंगातून काढीना, म्हणे.

मैमुनाबाजीनं तो तिच्या अंगावरच पाहिला,
काठ उलटा करून बोट घालून बघितलं.
मग माझ्याकडं आली.
“टाक्यात बोट जाईना बाई. एवढं ओढायलीस काहून?
दोरा काय पळून चाललाय का?”

रिसाला बाजारात, तिच्या ओट्यावर,
उरलेली मोसंबी रंगाची लोकर.
साखळ्या, त्यांवर खांब, फिरून खांब.
मग पट्टी ठेवली.
दहा सेंटिमीटरला पाहिजेत सोळा.
माझे वीस.
चार खांब जास्त, चिमटीत मावतील एवढे,
घेरावर गेले की आठ इंच.

हे मला ठाऊक असायला हवं होतं.
बांधावरचा दगड वीतभर सरकला
तर नकाशात केसाएवढाही दिसत नाही,
आणि दोन घरांची तोंडं फिरतात.

“हात बदलायला जाऊ नको,” बाजी म्हणाली,
“हात कुणाचा बदलत असतोय?
सुई बदल.”
चारची ठेवली, पाचची घेतली. अठरा.
साडेपाचची. सकाळी सतरा,
रात्री त्याच सुईनं एकोणीस.
मधे दुपारी सेनगावची लग्नपत्रिका आली होती, शेजारणीकडं.
निमंत्रकांत कुशावर्ताचं नाव होतं.
माझं नव्हतं.

आमच्या कार्यालयात कपाटामागं
जुनी लोखंडी साखळी पडलेली असायची.
म्हातारे भूकरमापक सांगायचे,
मेच्या दुपारी मोजू नये,
ऊन खाऊन साखळी वाढते
आणि जमीन कमी भरते.
मी हसायचे.
कुणाची जमीन कमी भरली
ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं असायचं.

“तुकडा धू,” बाजी म्हणाली. “न धुतलेलं माप खोटं असतंय.”
धुतला. गच्चीवर पंचावर पसरला.
ओढला नाही, टाचला नाही.
दुसऱ्या दिवशी पट्टी ठेवली
आणि दोनदा मोजले.
सोळा.
गुंठ्याचे आणे असतात तितके.

मग जांभळी लोकर आणली, आठ गुंडे.
बाजीनं विचारलं नाही कुणासाठी.
एवढंच म्हणाली, काठाला मुका खांब घाल.
तो मला येतो.
अकरा वर्षं तोच घालतेय.

हिशोब सोपा होता:
घेर भागिले दहा, गुणिले सोळा.
फक्त घेर माहीत नव्हता.
कुशावर्ताच्या शेताचा गट नंबर तोंडपाठ,
दोनशे चौदा,
चारी बाजूंचे शेजारी तोंडपाठ,
सुनावणीला टेबलापलीकडं बसली होती
तेव्हाचं तिचं पिवळं पोलकंसुद्धा.
बहिणीची छाती किती, ते कुठल्याच नकलेत नाही.

फोन लावला.
“कोण?”
“मी. छाती किती गं तुझी?”

पलीकडं पिठाची गिरणी चालू होती.
ती बंद होईस्तोवर
दोघींपैकी कुणी ठेवला नाही.

“चौतीस,” ती म्हणाली.
“आधी चाळीस होती.”
मग जरा थांबून,
“बाह्या लांब ठेव. मनगटाला गार लागायलंय.”

शहाऐंशी सेंटिमीटर.
एकशे अडतीस साखळ्या.
एकशे दहापर्यंत नीट गेले,
पुढं मोज चुकली,
उसवलं, परत एकपासून.