मधातला रंग

तिसऱ्यांदा नट सैल झाले तेव्हा
आधी आवाज आलाच नाही.
खोड्यात उभी केलेली गाय
लाथ मारायच्या आधी कातडी थरथरवते,
तसं स्टिअरिंग थरथरलं. सावळीच्या उतारावर, चाळीसच्या वेगात.
मग टक्.
मग टक् टक्.

डावं पुढचं चाक.
शहाण्णवची मारुती, माझ्या सरकारी नोकरीहून दोन वर्षांनी थोरली.

पहिल्या खेपेला भाच्यानं पान्यावर उभं राहून कसले.
दुसऱ्या खेपेला पंपावरच्या पोरानं पान्याला पाइप अडकवला,
लटकला, उतरला, म्हणाला,
"आता हत्ती आला तरी नाई निंगत."
अकरा दिवस नाही निघाले.
हत्तीही आला नाही.

जो तो एकच सांगे, अजून कसा.
मला जनावरांचं कळतं थोडंफार.
घडी घडी पोट फुगणाऱ्या बैलाला
दरवेळी तेल पाजून भागत नाही,
तो खातो काय ते पाहावं लागतं.
पण चाकाची गव्हाण कुठं शोधायची?

उकंडराव टायरवाल्यांचा टिनाचा ठेला फाट्यावर.
त्यांनी पाना उचलला नाही, आधी विचारलं,
"चाक कवा उतरोलं होतं बाई?"
मग नट तळहातावर घेऊन
अंगठ्यानं त्याची उतरती कड चाचपली,
मी गाईचं सड चाचपते तशी.
"नट बराबर हाये. दुसऱ्या गाडीचा नोहे."
रिमची भोकं पाहिली.
"हे एक जरासं लांबोडं होऊन रायलं."
चारी स्टडवर पान्यानं टिचकी मारली.
ठण. ठण. ठण.
ठस्.
"हा ताणला. पाइपवाल्याची मेहरबानी."

मग चाकाची पाठ उन्हाकडे वळवली
आणि थांबले.
चंदेरी.
ड्रमला चाक टेकतं तिथंही चंदेरी,
नटांच्या खोलग्यांत तर सायीसारखी जाड.
"रंग कोनं देल्ला?"

मीच.
दवाखान्याचा खोडा रंगवून डब्यात पावभर उरला होता.
पोळ्याच्या आदल्या दिवशी चारी चाकं उतरवून घेतली,
पाठपोट दोन हात दिले.
शिंगांना बेगड लागतं, म्हटलं, हिलाही काहीतरी लागू दे.
रस्त्यानं लोक वळून पाहत होते. मला बरं वाटत होतं.

उकंडराव हसले असते तर सोपं गेलं असतं.
"लोखंडाले लोखंड भिडलं पायजे बाई.
मधात रंग आला का थो दबते.
दबला का जागा होते.
जागा झाली का नट म्हन्ते, मी चाललो.
कसनं येगळं, बसनं येगळं."

तारेचा ब्रश मी मागून घेतला.
"भायेरचा राहू द्या," ते म्हणाले, "थो कोनाले आडवा येत नाई."
मी आतला खरडत बसले.
चंदेरीखाली गंज, गंजाखाली
कुठल्या तरी पावसाळ्याची काळी माती,
पापडासारखी वाळलेली, मांडीवर पडत गेली.
अर्धा तास लागला, एका चाकाला.
नवा स्टड त्यांनी ठोकून बसवला.
मी तेलाची बाटली पुढे केली तर हात आडवा.
"आट्यायले तेल नोको."
आधी बोटांनी, मग पान्यानं,
एक इकडचा, एक त्याच्या समोरचा,
पाइपाविना, श्वास न अडकवता.
"पन्नास किलोमीटर चालवा न वापस या. पैसे तवा."

दुसऱ्या दिवशी तीन गावं,
लाळ्या-खुरकुताच्या साठ लसी, एक अडलेली म्हैस.
फाट्यावर आले तेव्हा काटा अठ्ठेचाळीसवर.
तशीच पुढे गेले, जिनिंगपर्यंत,
कापसाच्या गाड्यांमागून वळून परत.

उकंडरावांनी पाना लावला. तीन हलले नाहीत.
चौथा, नव्या स्टडवरचा, पाव आटा फिरला
आणि अडला.
"बसला," ते म्हणाले, न पैसे घेतले.

उरलेली तीन चाकं रविवारी.

नखांतली चंदेरी अजून निघालेली नाही.
काल एका कालवडीनं हात हुंगला
आणि दोन पावलं मागं सरली.