टाळीची जागा

रविवारचा दुपारचा खेळ. बाहेर सरोवर अर्धं गोठलेलं
आणि डलूथमधली निम्मी म्हातारी माणसं
दारात बुटांवरचा बर्फ आपटत उभी.
मी तिकिटं फाडतो.
"कसा आहे?" प्रत्येक जण विचारतो,
जसा काही सिनेमा मीच काढलाय.

सव्वीस उन्हाळे ते नाटक चाललं
बंदरावरच्या लोखंडमातीच्या गोदामात.
वादळात बुडालेलं जहाज, धक्क्यावर थांबलेली बायको, बावीस गाणी.
गावातलं कोण नव्हतं त्यात?
ज्याला गाता येत नव्हतं तो निळ्या कापडाचं एक टोक धरून
विंगेत बसायचा आणि लाटा हलवायचा.

नाटकात पडदा उघडतो, पडदा पडतो.
इथं पडदा नुसता असतो.
दिवे गेले, आणि त्याच्यावर पाणी आलं,
खरं, काळं, तिकिटाच्या पैशात मावणार नाही इतकं पाणी.
"फार खरं आहे," टॉर्केल्सन पुटपुटला.
(अठरा वर्षं कापडाचं डावं टोक त्याच्याकडे होतं.)
"आमच्या कापडात जास्त माणसं बुडाली."

पुढच्या रांगेत एक पोरगा, मांडीवर लाह्यांचा डबा :
"हे लोक बोलता बोलता गातात का?"
त्याची बहीण, नजर न हलवता :
"बोलून संपत नाही म्हणून."

मग धक्क्यावरचं गाणं.
गोदामातल्या रंगमंचाची एक फळी सैल होती.
दुसऱ्या कडव्याआधी बाई एक पाऊल पुढे यायची,
फळी करकरायची,
आणि ती थांबायची, जणू जहाजच आलं.
कुणी लिहिलेलं नव्हतं ते.
सुतारानं दोनदा खिळे ठोकले, दोनदा ते रातोरात कुणीतरी काढले.

सिनेमातल्या बाईनं पाऊल टाकलं.
दगडी धक्का. चाळीस व्हायोलिनं.
कुठं बोट शिरायला फट नाही.
अख्ख्या थिएटरनं श्वास धरलेला, आणि तो सोडायचा कुठं
कळेना कुणाला.

तेव्हा एच रांगेतून
कुणीतरी खुर्चीत सावकाश मागं रेललं.
कर्र्र.

आधी एकच हसू, मग बरीच,
मग कुणी नाक शिंकरलं, जरा जास्तच वेळ.
पोरगा मागं वळून बघतोय :
या म्हाताऱ्यांना झालंय काय?

गाणं संपलं. तीन जणांनी टाळ्या वाजवल्या.
दोघं लाजून थांबले.
वेर्ना हापाला थांबली नाही.
अकरा उन्हाळे ती त्या भूमिकेची बदली नटी होती,
केस बांधून, ओठ रंगवून, सगळं तोंडपाठ,
आणि मुख्य बाईला अकरा वर्षांत
साधी सर्दी झाली नाही.
पडद्यावरची बाई तोवर पुढच्या प्रसंगात भांडी घासतेय.
वाकली नाही, थांबली नाही,
टाळीची जागा असते, हे तिला कुणी सांगितलंच नसावं.
वेर्ना वाजवत राहिली. कुणासाठी, मी विचारलं नाही.
बॅटरी मात्र खाली धरली, कुणाच्या तोंडावर पडू नये म्हणून.

बाहेर पडताना लोक नेहमीसारखेच :
नायक फार देखणा, असा खलाशी कोणी पाहिलाय?
कप्तानाचं गाणं कापलं, मेल्यांनी.
रडू आलं, पण ते कुठल्याचं, या की त्या,
हे घरी जाऊन बघावं लागेल.
एक बाई म्हणाली, वाईट आहे, आणि बुधवारची दोन तिकिटं घेतली.

सोमवारी मॅनेजर म्हणाला,
एच रांगेतली सात नंबरची खुर्ची फार करकरते,
तक्रार आलीय, तेल घाल.

तेलाची बुधली घेऊन गेलो.
जरा वेळ बसलो सात नंबरवर, मागं रेललो एकदा.
मग उठून
आठ नंबरला तेल घातलं.