खेळती हवा

खंडेनवमीला आम्ही मशिनींना हार घालतो.
रामटेकडीच्या शेडमध्ये बफिंगची सहा चाकं,
कॉम्प्रेसर, फोर्कलिफ्ट,
आणि कुणीतरी हौसेनं
धूळ ओढणाऱ्या हुडालाही
झेंडूची एक माळ.

जालिंदर खुडेनं उदबत्ती ओवाळली.
वर पंखा चालू होता, आवाज नेहमीसारखा.
धूर हुडाच्या तोंडाशी गेला,
उंबऱ्यात घुटमळला,
आणि मागे फिरून जालिंदरच्याच मिशीत शिरला.
कुणी हसलं.
तो खोकला. त्याचं खोकणं
आम्हाला शिफ्टच्या भोंग्याइतकं सवयीचं.

रजिस्टर माझ्याकडे असतं.
डक्ट साफ केला: होय.
बेल्ट तपासला: होय.
हवेचा वेग मोजला: होय.
सगळ्या महिन्यांखाली माझी वळणदार सही,
त्या फेब्रुवारीतसुद्धा
जेव्हा वडिलांच्या पायाला प्लास्टर होतं
आणि मी वीस दिवस सासवडला होतो.

कायद्याच्या मराठीत शब्द फार सुंदर आहे,
खेळती हवा.
मालकानं ती खेळती ठेवायची.
धूळ जिथे जन्मते तिथेच धरायची,
कामगाराच्या छातीपर्यंत पोचू द्यायची नाही.
हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पाचपैकी पाच.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर शिडी लावली.
शमीम तांबोळीनं खालून बॅटरी धरली.
झाकणाचे चार बोल्ट, तीन गंजून एकजीव.
आत नळी दोन वीत रुंद,
मोकळी जेमतेम चार बोटं.
बाकी सगळं तपकिरी, मऊ,
पितळ आणि कापड आणि मेण,
जुन्या गादीसारखं दडपून बसलेलं.
चिमूटभर तळहातावर घेतलं.
वजनच लागेना.
त्यातच एक हातमोजा, डावा.

नऊ पोती निघाली.
शिरोळे साहेब खालून म्हणाले,
आत्ताच कशाला काढलंत, ऑडिट मार्चमध्ये आहे.
मला उत्तर सुचेना.
तेवढ्यात जालिंदरला उबळ आली,
आणि साहेब आपल्या बुटांकडे बघत राहिले.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं.
मागचे होय खोडता येत नाहीत,
खाडाखोड हाही गुन्हाच.
समासात बारीक अक्षरात लिहिलं:
वरील नोंदी न बघता केल्या आहेत.
खाली तारीख, त्याच दिवसाची.
हात जरा कापला, सही वेगळीच आली.

उदबत्तीचा पुडा आता ड्रॉवरमध्ये असतो.
दर सोमवारी सहा हुडांपाशी एकेक.
काल चार ठिकाणी धूर सरळ आत गेला.
दोन ठिकाणी अजून नाही.