वीस मीटर

गायधनी सरांनी बिस्किटाच्या डब्यात मातीचा डोंगर थापला,
नीळ कालवलेलं पाणी ओतलं बोटभर,
म्हणाले, पाण्याच्या काठानं खिळ्यानं रेघ ओढा.
मग अजून बोटभर. अजून एक रेघ.
पाचव्यांदा डोंगर बुडाला
आणि मागच्या बाकावरून टाळ्या.

मग नकाशा. प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर,
चार कोपऱ्यांवर चार चंचुपात्रं.
तपकिरी रेषा, सागाच्या फळीत असतात तशा.
"दाटीनं असतील तिथं चढ, विरळ तिथं सपाट.
दोन रेषांत वीस मीटर."
मला नुसती फळी दिसत होती.

मी रोज पहाटे मखमलाबादहून पंचवटीत दूध घालतो.
जाताना सायकल आपसूक पळते.
परतताना किटल्या रिकाम्या,
तरी पाटाच्या पुढं मांड्या भरून येतात.
कुणाला सांगितलं नव्हतं; हसले असते.
रस्त्यावर बोट ठेवून निघालो, आणि पाटाच्या पुढं
एक तपकिरी रेष
आडवी गेलेली, मांजरासारखी.

"सर, हा डोंगर आता नाही,"
सुगंधा लिलके म्हणाली. ती वर्गात बोलत नाही.
तिच्या नखाखाली सहा रेषा, एकमेकींना चिकटलेल्या.
"ह्यातल्या वरच्या तीन माझ्या वडलांनी नेल्या. डंपरनं."
कुणी हसलं नाही.
सरांनी चष्मा कपाळावर सारला,
वाकून कोपऱ्यातलं साल शोधलं.
सापडलं. सरांच्या जन्माआधीचं.
"मग खोडायच्या का?" तिनं विचारलं.
सर म्हणाले, "सरकारी कागद आहे,"
आणि थोड्या वेळानं,
"वहीत काढ. तुझ्या वहीत आज आहे तसा काढ."

तास संपता संपता ओढे दाखवले.
ओढ्याला भिडली की प्रत्येक रेष वाकते,
तिचं टोक पाणी जातं तिकडं नसतं,
येतं तिकडं असतं.
इथं गंगेकडं, तिथं तिच्या ओहोळांकडं,
सगळ्या रेषा अशाच माना वर करून
ब्रह्मगिरीच्या दिशेनं बघणाऱ्या.
हे परीक्षेत येतं, सर म्हणाले, दोन मार्कांना.

दुसऱ्या दिवशी पाटाशी उतरलो.
डांबर, शेणाचा पो, कुणाची तरी तुटकी चप्पल.
रेघ कुठंच नव्हती.
सायकल ढकलत मी तिच्यावरून गेलो.
किटल्या एकमेकींवर आपटत होत्या.