मागचं बाकडं

शनिवारी बिल्ले वाटतात.
शिशाचे, नखाएवढे, कडा झिजलेले.
ज्याच्या हाती बिल्ला, तो उद्या मेजाशी बसणार,
भाकर मोडणार, पेल्याला ओठ लावणार.
मी चर्चचा शिपाई. मोजून देतो, मोजून घेतो.
एकसष्ट आहेत. वडिलांच्या वेळी चौसष्ट होते,
तीन कुणाकुणाच्या खिशातून समुद्रात गेले.

ऑयरिकनं शेहेचाळीस वर्षांत एकदाही हात पुढे केला नाही.
येते मात्र. न चुकता.
मागच्या बाकड्यावर, दाराची फट आहे तिथं,
काळा कोट, मांडीवर हातमोजे, एकावर एक.
पुढे भाकर फिरते तेव्हा ती खिडकीकडे बघते,
आणि खिडकी तर मिठानं आंधळी झालेली.

तिचा इवार एकोणीस वर्षांचा.
बोट उलटली ती खाडीच्या तोंडाशी,
घरचा दिवा दिसावा इतक्या जवळ.
तिसऱ्या दिवशी ती किनाऱ्यावर उभी राहिली
आणि वाऱ्याला बोलली.
आमच्यात वारा म्हणजे नुसता वारा नसतो.
उजेड होण्याआधी पाण्यावर जो फिरत होता, तोही तोच.
तिनं त्याला नाव घेऊन म्हटलं.
काय म्हटलं ते मी लिहिणार नाही.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
त्या दिवशी होतं.

पुत्राविरुद्ध बोललात, तर वाट आहे.
आत्म्याविरुद्ध दुर्भाषण केलंत
तर या युगात नाही, पुढच्याही नाही.
हे तिला तोंडपाठ. आम्हा सगळ्यांनाच,
दात येण्याआधीपासून.

पाळक आले, गेले. मॅकॅस्किल म्हणाले,
ज्याला ही भीती वाटते, त्यानं ते पाप केलेलंच नसतं.
ती म्हणाली, सगळ्याच कुलपांना लागते
ती किल्ली मला चोराची वाटते.
आणि त्यांना चहा दिला.

बेटावर सगळ्यांना माहीत आहे.
कसं माहीत, हे कुणी विचारत नाही.
त्या दिवशी किनाऱ्यावर ती एकटीच होती,
आणि पालथ्या होडीआड मी, तेरा वर्षांचा.
दिवेलागणीआधी ते शब्द वडीलजनांच्या दारात पोचले.
वारा इतके नेमके निरोप नेत नाही.
पायांनी नेले.

काल तिच्याकडे गेलो. चुलीत पीट धुमसत होतं.
सांगून टाकलं, उभ्या उभ्याच.
तिनं ओळ संपवली, टाके मोजले, मग म्हणाली,
ठाऊक आहे.
होडीखालून तुझे पाय दिसत होते.
लाल मोजे. डावा घसरलेला.
मीच विणले होते, टाचेत चुकले होते.

आत्ता पायात आहेत तेही तिचेच.
दर हिवाळ्यात एक जोडी, दारात, कागदात बांधून.
मला आई नव्हती, म्हणून देते
असं समजून मी घेत आलो.

हिशेब हे माझं काम. मापात पाप नको
म्हणून दोनदा मोजतो. हा लागत नाही.
जिला युगानुयुग माफी नाही
ती दुसऱ्याला द्यायला कुठून आणते?
कोरड्या विहिरीतून कुणी
शेहेचाळीस वर्षं पाणी काढतं का?
हे तिला म्हटलं नाही.
तिच्याबद्दल बोलून झालंय माझं, एकदा.

बिल्ला लोकरीच्या टोपलीत ठेवला.
तिनं उचलून उजेडात धरला.
"एवढासाच असतो होय," म्हणाली.
ठेवते की परत देते, ते बघायला मी थांबलो नाही.

आज रविवार. मेजाशी माझी जागा रिकामी.
मी मागे बसलोय, तिच्या शेजारी.
वारा खरंच येतो इथं, नेमका घोट्याला.
तिनं कोपरानं ढोसलं. जा की, मूर्खा.
तुम्ही उठलात की.

तिची मूठ हातमोज्यात आवळलेली.
आत बिल्ला आहे की नुसती मूठ, कळत नाही.
पुढे भाकर अजून पांढऱ्या फडक्याखाली.
टॉर्कलनं सूर धरला, एकेक ओळ,
ओढत, दम खात,
त्याचं एक बोट पानावर.

स्तोत्र लांब आहे.