नमुना ४१७

नोव्हेंबरात नँटविचला चारलाच अंधारतं.
पायलट प्लँटच्या पत्र्यावर वारा थडथडतो,
पलीकडच्या शेतातला शेणखताचा वास
हेअरनेटच्या आत शिरतो.

दोनशे लिटर दूध, सत्तर अंशांवर.
त्यात मी मोजून सोडते
ड जीवनसत्त्व, जस्त, आयोडीन,
आणि शेवटी लोह.
हेच एक द्वाड.
विरघळलं तर दुधाची चव नासवतं,
नाही विरघळलं तर तळाशी जाऊन बसतं
रुसलेल्या जावयासारखं.

सोळा खेपा फुकट गेल्या.
सतराव्या खेपेला मी म्हटलं, जमलं.
लाल दिव्याखाली दोनदा प्याले.
छान होतं. खरंच छान होतं.

गुरुवारी चर्चच्या हॉलमधली बालवाडी.
छोटे पेले, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे कागद.
काचपरने पेल्यात नाक बुडवलं,
इद्रिसला फक्त झाकण हवं होतं,
आणि टॅम्सिन, वय तीन वर्षं दोन महिने,
एक घोट घेऊन, जीभ बाहीला पुसून म्हणाली,
हे चमच्यासारखं लागतंय.
म्हणजे दुधासारखं?
नाही. चमच्यासारखं. दूध संपल्यावरच्या.

यंत्राला कळलं नव्हतं.
मला कळलं नव्हतं, म्हणजे...
परतताना कालव्याकाठी गाडी थांबवली.

चाळीसगावला दुसरीत होते.
पाटीवरची पेन्सिल आठवड्याला एक डबी संपायची,
अक्षर गिरवून नव्हे.
दाढेखाली तिचा चुरा, मग भिंतीचे पोपडे,
मग खिडकीचा गज, पहाटे गार पडलेला.
गोड लागायचा तो जिभेला.
आईने बोटांना मिरची चोळली,
मुळेबाईंनी पट्टी मारली.
पापणी खाली ओढून
कुणी पाहिलं नाही.
पस्तिसाव्या वर्षी, क्रूच्या दवाखान्यात,
रक्ताच्या कागदावर एक आकडा आला
आणि तळहातावर तो वळ पुन्हा उठला.

म्हणजे चारशे सतरा मला छान लागला
तो जिभेने, की तेव्हाच्या भुकेने?
फॉर्मवर त्याला रकाना नाही.

आज ग्लेनिसला म्हटलं,
चाखणाऱ्यांतून माझं नाव काढ.
तिने का विचारलं नाही. तोटी उघडली.
उरलेलं सगळं दूध मोरीत गेलं,
बराच वेळ जात राहिलं.
मी एक बोट लावून चाटलं. एकदाच.

खेप अठरावी. लोहाला आता
चरबीचं पांघरूण घालून बघायचं आहे.
टॅम्सिन पुढच्या गुरुवारी येईल,
सर्दी नसली तर.